चिरंजीव व्हायचंय कोणाला?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमर व्हायच्या धडपडीवरचा लेख वाचला. तो अमेरिकेतला उद्योजक ब्रायन जॉन्सन, म्हातारपण लांबवायला वर्षाला २० लाख डॉलर घालतो म्हणे, २०२३ मध्ये तर पठ्ठ्याने स्वतःच्याच १७ वर्षांच्या पोराचा प्लाझ्मा चढवून घेतला आणि नंतर म्हणाला काही फायदा दिसला नाही. ययातीला निदान पुरूकडून हजार वर्षं तरी मिळाली!

आमच्या तळोद्याकडे दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते, लोक रात्रीचा डोंगर चढतात. वाट चुकलेल्याला अश्वत्थामा भेटतो आणि जखमेसाठी तेल मागतो, हे लहानपणापासून ऐकत आलोय. सात चिरंजीवांपैकी एक, पण याला आयुष्य मिळालं ते शाप म्हणून. महाभारतात तो शाप ३,००० वर्षांचाच आहे, लोकांनी कायमचा करून टाकला. तरी आपण लग्नपत्रिकेत पोरांच्या नावाआधी बिनधास्त चि. छापतो.

माझी आजी ९३ ची. शुगर नाही, बीपी नाही, सकाळी चहात दोन बटर बुडवून खाते. तिच्याकडे फोन नंबरची जुनी डायरी आहे, कोणी गेलं की नाव खोडत नाही, पेन्सिलीने आधी कै. लिहिते. मागच्या महिन्यात चाळली तर ‘ग’ च्या पानावर कै. नसलेलं एकच नाव, गॅस एजन्सीचं. मी हसलो, ती पण हसली, मग म्हणाली, मला अगं-तुगं करणारं कोणी राहिलं नाही रे, सगळ्यांची आजीच होऊन बसलेय.

फ्रान्सची जीन कालमाँ १२२ वर्षं जगून १९९७ ला गेली, तिच्या विक्रमाचं सगळे कौतुक करतात, पण तिची एकुलती लेक १९३४ मध्येच गेलेली आणि नातू १९६३ मध्ये. त्यानंतर बाई ३४ वर्षं होती.

मरायची घाई मला नाही, आजीलाही नाही, परवाच तिने मोतीबिंदू काढून घेतला. रोगांवर संशोधन हवंच, त्यावर खुशाल पैसे ओता. पण अमर व्हायचंच तर अख्खं गाव घेऊन व्हावं लागेल, मग नवीन पोरांना बसवणार कुठे, एसटीच्या टपावर?

आणि हो, ती गॅस एजन्सी पण दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. आजीला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, तळोदा (जि. नंदुरबार)