बूम बाहेर काढून तपासा: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: टेलिस्कोपिक बूम लिफ्टमधील होज, केबल आणि केबल चेनची तपासणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाळूज एमआयडीसीत माझं हायड्रॉलिक होजचं, म्हणजे दाबाचं तेल वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांचं, दुकान आहे. होज मापाने कापायचा, टोकांना फिटिंग बसवून क्रिम्प करायचा, म्हणजे दाबून घट्ट करायचा, दाब देऊन बघायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. जेसीबी, प्रेस, मोल्डिंगची मशीनं, ट्रॅक्टरच्या टिपर ट्रॉल्या, सगळ्यांचे होज येतात. अलीकडे बूम लिफ्टचे, म्हणजे लांबत जाणाऱ्या दांड्याच्या (बूमच्या) टोकाला माणसांची बास्केट असलेल्या यंत्राचे, होज जास्त यायला लागलेत आणि ते ज्या अवस्थेत येतात ते बघूनच हे पत्र लिहायला बसलो.

मागणी आधीच सांगतो. बूम लिफ्टची तपासणी बूम पूर्ण बाहेर काढून व्हावी आणि आतल्या होज-केबलांची नोंद सर्टिफिकेटवर वेगळी यावी. आज मी बघतो त्या बऱ्याच साइटवर मशीन घडी घालून उभं असतं, बाहेरून रंग, टायर, हॉर्न बघितला जातो आणि वर्षभराचा कागद हातात पडतो.

शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहरात नवी शेड उभी राहते तेव्हा छपराचे पत्रे आवळणारी पोरं ज्या बास्केटमध्ये उभी असतात, ती ही बूम लिफ्ट. कोणी तिला मॅनलिफ्ट म्हणतं. जालन्याच्या स्टील मिलमध्ये क्रेनच्या गर्डरपर्यंत जायला तीच, गाळप संपल्यावर साखर कारखान्यात उंचावरची डागडुजी करायला तीच. पूर्वी ही कामं बांबूच्या परांचीवर व्हायची. परांचीपेक्षा बास्केट शंभर पटीने बरी, म्हणजे यंत्राला माझा विरोध नाही. मात्र यातली बरीच मशीनं भाड्याची, त्यातली काही सेकंडहँड, आणि एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फिरती. कोणत्या होजला किती वर्षं झाली हे विचारलं तर मालक ऑपरेटरकडे बघतो आणि ऑपरेटर, जो आठवड्यापूर्वीच त्या मशीनवर आलेला असतो, माझ्याकडे.

या यंत्राचा बूम म्हणजे एकात एक बसणारे पोलादी चौकोनी खोके. आत एक लांब सिलिंडर, वायर रोप किंवा चेन, आणि त्यांच्या सोबतीला केबल चेन, म्हणजे कड्याकड्यांची बनलेली वळती पट्टी. बास्केट समतल ठेवायला, फिरवायला, जिब (बूमच्या टोकाचा छोटा दांडा) वरखाली करायला लागणारं तेल या पट्टीतल्या होजमधून जातं. जॉयस्टिकचे सिग्नल केबलमधून जातात. बास्केटमध्ये ग्राइंडर चालवायचा तर २३० व्होल्टची लाइनही त्याच वाटेने वर जाते. बूम बाहेर गेला की पट्टी उलगडते, आत आला की वळते. दिवसभर, प्रत्येक हालचालीला. घडी घातलेल्या मशीनमध्ये यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

एक होज अजून काउंटरवर ठेवलाय. तीन बाजूंनी बघाल तर नवा वाटेल. चौथ्या बाजूला हातभर लांबीत रबर घासून सपाट झालंय आणि आतली तारेची वीण चकाकतेय, काही तारा तुटून काट्यासारख्या वर आल्यात, बोट फिरवलं की टोचतात. होजच्या अंगावर लांबीच्या दिशेने एक छापील पट्टी असते, तिच्यात माप, दाब आणि बनल्याची तारीख असते. होज पिळाशिवाय बसवला असेल तर ती सरळ दिसते. या होजवर ती दोन वेढे घेऊन गेलीये. म्हणजे बसवणाऱ्याने फिटिंग आवळताना होज धरलाच नाही, नटाबरोबर होजही फिरला. पिळलेला होज दाब आला की सरळ व्हायला बघतो, चेनच्या कडेवर रेटला जातो आणि तिथेच झिजतो. ज्या मशीनमधून हा निघाला त्याचं सर्टिफिकेट तेव्हा चालू होतं.

कारण बहुतेक वेळा होजच्या दर्जात नसतं, तो ठेवलाय कसा यात असतं. केबलला चेनमध्ये तिच्या जाडीच्या साधारण १० टक्के आणि होजला २० टक्के मोकळी जागा लागते, मध्ये पडदी लागते, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प लागतो, म्हणजे ओढ होजवर न येता क्लॅम्पवर येते. प्रत्यक्षात चेन उघडली की ट्रॉलीत ऊस दाबावा तसे होज आणि केबल एकावर एक कोंबलेले. पडद्या कधीच पडून गेलेल्या, त्यांची जागा बाइंडिंग वायरने घेतलेली. सळ्या बांधायची ही तार साइटवर फुकट मिळते, म्हणून ती सगळीकडे वापरली जाते. पण चेनच्या आत होज एकमेकांना बांधायचेच नसतात, प्रत्येकाला स्वतंत्र सरकू द्यायचं असतं. तारेने बांधला की तो सरकत नाही, कातला जातो.

लांबीचंही तसंच. दाबाखाली होज २ टक्क्यांपर्यंत लांबू शकतो किंवा ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकतो. १० मीटरच्या होजमध्ये हा फरक २० सेंटीमीटर लांबण्यापासून ४० सेंटीमीटर आखडण्यापर्यंत जातो. जुन्या होजची लांबी टेपने मोजून तेवढाच नवा ताणून बसवला तर पहिल्या आठवड्यातच फिटिंगच्या मानेवर ताण येतो. उलट फार ढिला सोडला तर लोंबकळून बूमच्या आतल्या कडेला घासतो. चेनची एक कडी तुटली तरी हेच होतं, पट्टी झोल देते आणि पुढच्या वेळी बूम आत येताना तीच चिरडली जाते. एका कडीचा खर्च किती? त्या दिवशी मशीन उभं ठेवावं लागलं असतं, तो खर्च लोकांना जड जातो.

यात मराठवाड्याची म्हणून भर पडते ती ऊन, धूळ आणि मातीची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, मशीन उघड्यावर, होजचं काळं आवरण तापून तापून कडक होतं आणि वळणावर भेगाळतं. मिलमधला लोखंडी कीस चेनमध्ये बसतो आणि कानशीप्रमाणे नाही तर अक्षरशः कानशीच होऊन चालतो. साखर कारखान्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा तेलावर चिकटून थर धरतो. पावसाळ्यात बास्केट खाली टेकवून ठेवतात, काळी माती जिबच्या सांध्यात शिरते आणि सुकली की दगड. बास्केटकडच्या टोकाला तर होज उघडेच असतात आणि त्याच टोकाला वेल्डिंग चालतं. तिथे ठिणगी सोसणारी बाही किंवा निदान स्पायरल गार्ड, म्हणजे होजभोवती गुंडाळायची संरक्षक पट्टी, चढवायला फार पैसे लागत नाहीत. तरीही दहातल्या आठ मशीनवर ते नसतं, हा माझ्या नजरेचा अंदाज, सर्वेक्षण नव्हे.

होज फुटला की बूम धाडकन खाली येतो असा एक समज आहे. नीट बांधणीच्या मशीनमध्ये तसं होत नाही, कारण सिलिंडरवरच होल्डिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि तो तेल अडवून धरतो. हे मुद्दाम सांगतो, कारण याच व्हॉल्व्हच्या भरवशावर पुष्कळ जण होजकडे दुर्लक्ष करतात. माणूस खाली पडला नाही म्हणजे सुटला असं नसतं. तो वर अडकतो. खालच्या पॅनेलवरून किंवा आपत्कालीन पंपाने बास्केट उतरवता येते, पण खाली उभ्या हेल्परला ते शिकवलेलं नसतं आणि कधीकधी त्या पॅनेलची चावी ऑपरेटरच्या खिशात, म्हणजे वर. तेलाचा फवारा वेल्डिंगच्या ठिणगीवर गेला तर पेटतो. २३० व्होल्टच्या केबलचं आवरण घासून तार बूमला टेकली आणि लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर सगळ्या बास्केटमध्येच वीज उतरते.

याहून वाईट मला वाटतो तो गुपचूप होणारा प्रकार. केबलच्या आतली एखादी तार वाकून वाकून तुटते, वरून काहीच दिसत नाही, आणि बूम कुठवर गेला हे ओळखणाऱ्या लिमिट स्विचचा सिग्नल येतो-जातो. मशीन मधेच थांबायला लागतं. ठेकेदाराची घाई, मेकॅनिक लांब, मग कोणीतरी सिग्नलची तार थेट जोडून देतो. मशीन झक्कास चालतं. बूम किती लांब आणि किती आडवा गेला म्हणजे मशीन उलटेल, हे सांगणारी व्यवस्थाच आंधळी झालेली असते. काही ठिकाणी तुटलेल्या केबलच्या जागी घरातल्या वायरिंगची वायर ओढलेली मी पाहिलीये. सततच्या वळण्यासाठी बारीक तारांची खास लवचीक केबल येते, घरची वायर भिंतीत गप्प पडून राहण्यासाठी असते.

आणि एक, जे डॉक्टरांपर्यंतही पोहोचायला हवं. होजला सुईएवढं भोक पडलं की २०० बारच्या आसपासच्या दाबाने तेल बाहेर येतं आणि बोट लावून गळती शोधणाऱ्याच्या कातडीखाली घुसतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन माणूस खोलीवर जाऊन झोपतो. आत तेल पसरत असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात जातो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा, हात नाही, एवढी एक गोष्ट बास्केटवर मराठी-हिंदीत चिकटवली तरी काम होईल.

आता कायद्याकडे येतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २८ प्रमाणे कारखान्यातल्या लिफ्टची कसून तपासणी दर ६ महिन्यांनी, आणि कलम २९ प्रमाणे क्रेनसारख्या उचल यंत्रांची दर १२ महिन्यांनी, सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे सरकारमान्य तपासनिसाकडून, असा दंडक होता. बूम लिफ्ट माणसं उचलते, पण माझ्यासमोर येणाऱ्या कागदांवर ती क्रेनच्या रांगेत असते आणि मुदत बहुधा वर्षाची असते. म्हणजे भिंतीत बसवलेल्या लिफ्टमध्ये चढणाऱ्या माणसाला सहा महिन्यांची काळजी आणि उघड्यावर लांब दांड्याच्या टोकाला उभ्या असलेल्याला बारा महिन्यांची. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणसं उचलणाऱ्या साधनांची तपासणी सहसा ६ महिन्यांनी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि कारखाने अधिनियमासह १३ कायदे तिच्यात सामावले गेले. तपासणीचे तक्ते आणि नमुने नव्याने बघायची आणि बूम लिफ्टलाही सहा महिन्यांची मुदत लावायची हीच वेळ आहे.

त्या नमुन्यात बूम लिफ्टसाठी वेगळं पान असावं. बूम पूर्ण बाहेर काढून केबल चेनचा फोटो, त्यावर तारीख. प्रत्येक होज कधी बनला आणि कधी बसवला याची नोंद. जर्मनीत साठवणीचा काळ धरून होजचं आयुष्य ६ वर्षं मानायचा संकेत आहे, आपल्या उन्हात याहून जास्त धरण्याचं कारण मला दिसत नाही. हे पान मशीनबरोबर फिरावं, भाड्याने देणाऱ्याच्या कपाटात राहू नये. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि एमआयडीसीच्या निविदांमध्ये ही अट आली तर खाजगी साइट आपोआप मागे येतील, कारण मशीनं तीच आहेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूरला निदान एकेक दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवावं. भाषण नको, चेन उघडून दाखवा. आयटीआयमधल्या फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांनाही तिथे बसवा, कारण उद्या हीच मुलं ही मशीनं दुरुस्त करणार आहेत आणि आज त्यांना होज धरून नट आवळायला कोणी शिकवत नाही.

कोणी म्हणेल, होज विकणाराच होज बदला म्हणतोय. शंका रास्त आहे. पण चेन नीट राहिली, पडद्या आणि क्लॅम्प जागेवर राहिले, तर होज जास्त टिकतात आणि माझी विक्री घटते. मला ते परवडेल. तपासणीची फी सहा महिन्यांनी भरावी लागेल म्हणून भाड्याने मशीन देणारे नाराज होतील, त्यातले काही माझेच गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याशी मी बोललोय. जे आधीपासून मशीन नीट ठेवतात त्यांची हरकत नाही. त्यांचं म्हणणं उलट आहे की बाइंडिंग वायरवाला कमी भाडं लावून त्यांचं काम नेतो.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम मार्चच्या आसपास आटोपतो आणि लगेच उंचावरच्या दुरुस्त्या सुरू होतात. त्याच वेळी एमआयडीसीतल्या शेडची कामं पावसाच्या आत उरकायची धावपळ असते. भाड्याची मशीनं सगळ्यात जास्त फिरतात ती याच तीन महिन्यांत. नियम बदलायला वेळ लागतो हे समजू शकतो. तोवर संचालनालयाच्या एका परिपत्रकाने बूम बाहेर काढूनच तपासणी करण्याची सूचना सक्षम व्यक्तींना देता येईल. ते परिपत्रक फेब्रुवारी संपायच्या आत निघावं, एवढी विनंती. संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना बघायचे असतील तर घासलेले होज आणि तुटलेल्या कड्या मी दुकानात वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. रविवार सोडून कधीही यावं.

आपला विश्वासू,
वाळूज येथील एक होज दुकानदार