दशमी की एकादशी?

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काकाचं वर्षश्राद्ध दशमीला धरायचं की एकादशीला?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला. समोर बसून बोलायला गेलं की आई "भरल्या घरात असलं बोलू नये" म्हणते, म्हणून कोथरूडहून सदाशिव पेठेत पत्र पाठवतेय.

आयसीयूतली ती दशमीची संध्याकाळ आठवते ना? डॉक्टर म्हणाले, "ते गेले." आणि काकाची छाती तर वरखाली होत होती. हनुवटीवर दोन दिवसांचे पांढरे खुंट. आई, तू त्याचा हात धरून म्हणालीस, "अहो, हात गरम आहे की!" गेलेल्या माणसाचा हात गरम कसा, हे आपल्याला कुणीच नीट बसून सांगितलं नाही. घाईघाईने फॉर्म पुढे केला आणि आपण घाबरून अवयवदानाला नाही म्हणालो. ते मला अजून लागून राहिलंय.

नंतर मी समजून घेतलं. श्वास घ्यायचा हुकूम ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या देठातून येतो. हृदयाचं तसं नाही, ठोक्याची ठिणगी हृदयातच पडते. व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत असेल तोवर ते काही काळ चालत राहतं, म्हणून हात गरम. ब्रेनस्टेम चालतोय का हे पाहायला डॉक्टरांनी काकाच्या डोळ्यांवर प्रकाश टाकला, बुबुळाला कापूस लावून पाहिला, कानात थंडगार पाणी सोडलं. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून, रक्तात कार्बन डायऑक्साइड चढू दिला आणि छाती आपणहून उचलते का ते पाहिलं. नाही उचलली. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करावं लागतं, चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे ब्रेनस्टेम असा कायमचा बंद पडणं हाच मृत्यू. हा कोमा नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानभाग मेंदूला इजा होऊन चार दशकांहून जास्त काळ तिथेच अंथरुणाला खिळून होत्या, पण श्वास त्यांचा स्वतःचा होता. त्या जिवंत होत्या.

जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा मात्र जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होण्याला मृत्यू म्हणतो. हृदयाचा ठोका ही त्यातलीच एक खूण. म्हणजे बाबा, तुमचा प्रश्न नुसता पंचांगाचा नाही.

मला विचाराल तर काका दशमीला गेला. एकादशीला पहाटे थांबलं ते त्याचं हृदय. पण आई, त्या रात्री तू त्याचा हात सोडला नाहीस, ते चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. निरोप घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

आता तुमच्याबद्दल. बरं होण्याची आशा उरली नसेल तर नळ्या-यंत्रं किती दिवस लावायची, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलाय. 2023 पासून ते सोपंही झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. काकाच्या वेळी त्याला काय हवं होतं हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या वेळी मला अंदाज करायला लावू नका. अवयवदानाचंही आत्ताच सांगून टाका, हो असो की नाही.

रविवारी सकाळी येते. माझा कागद मी लिहून आणतेय. आधी तो वाचा, मग तुमचा लिहू. दशमीला काकूकडे जायचंच आहे, एकादशीला आई म्हणेल तर पुन्हा जाऊ.

तुमची,
लेक