मात्रा म्हणजे अक्षर नाही का?

संपादक, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आत्याचा एक ऑनलाइन अर्ज भरत होतो. रकान्यावर स्पष्ट लिहिलेलं 'अर्जदाराचे नाव मराठीत', म्हणून सुनीता टाइप केलं तर खाली लाल रंगात 'कृपया फक्त अक्षरे वापरा'. तीनदा टाकलं, तीनदा तेच. आत्या म्हणाली, अरे ही अक्षरं नाहीत तर काय आहे? मी बारा वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय म्हणून ब्राउझरमध्ये पानाचा कोड उघडून बघितला, तर चूक एका ओळीत होती.

नाव तपासायला रेजेक्स असतो, म्हणजे कुठली चिन्हं चालतील याचा साचा. तिथे बॅकस्लॅश (उलटी तिरकी रेघ) पी आणि महिरपी कंसात एल लिहिलेलं, अर्थ असा की कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल. वाटतं बरोबर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला नंबर आणि गट देणाऱ्या जागतिक यादीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह एलमध्ये येतच नाहीत, त्यांचा गट वेगळा, एम. त्यामुळे कमल पास आणि सुनीता नापास! एलच्या शेजारी एम टाकला की झालं काम. काही जण सरळ 'अ ते ह' लिहितात, तेही चुकीचंच, त्यात मात्रा नाहीत, अनुस्वार नाही आणि ॲडव्होकेटमधला ॲ पण नाही कारण त्याचा नंबर ह च्या बराच पुढे आहे. कऱ्हाड लिहिताना काही कीबोर्ड अक्षरांच्या मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, ते ना एलमध्ये ना एममध्ये, त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते.

दुसरी भानगड बॅकस्लॅशची. फॉर्मच्या टॅगमधला हाच साचा उचलून जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानामागच्या प्रोग्रॅममध्ये, अवतरणचिन्हांत टाकला की एकेरी बॅकस्लॅश गळून पडतो, उरतं नुसतं पी, एल आणि कंस, मग कुठलंच नाव जात नाही आणि लोक अंदाजाने स्लॅश वाढवत बसतात. तिथे तो दोनदा लिहायचा, आणि शंका असेल तर साचा कन्सोलवर (ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमरच्या खिडकीत) छापून डोळ्याने बघायचा. मागे आत्याच्या एका पावतीवर नावाच्या जागी बॅकस्लॅश यू 0938 बॅकस्लॅश यू 0941 अशी माळच छापून आलेली. 0938 म्हणजे स, 0941 म्हणजे पहिला उकार. नाव हरवलं नव्हतं, दोनदा एस्केप करून, म्हणजे सांकेतिक रूपात लिहून, एकदाच उलगडलेलं.

माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना कळकळीची विनंती, टेस्टिंगला नुसतं कमल, अमर टाकून थांबू नका, सुनीता, ज्ञानेश्वर, कऱ्हाड, ॲड. हे सगळं टाकून बघा. पाच मिनिटं लागतात.

आत्याचं नाव शेवटी इंग्रजीत टाकलं, ते त्याच रकान्याने लगेच घेतलं. दुरुस्त केलेली ओळ मी त्यांच्या तक्रारीच्या ईमेलवर पाठवलीय, अजून उत्तर नाही. पत्र छापलंत तर निदान कुणाच्या तरी नजरेस पडेल.

- एक वाचक, पुणे