खेजडी म्हणजे आपली शमीच

महोदय,

सौर प्रकल्पांसाठी राजस्थानात खेजडी तोडली जात असल्याच्या आणि त्याविरुद्ध बिकानेर, फलोदी भागात लोक धरणे धरून बसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आपल्याकडे त्या वाचून पान उलटले जाते. पण खेजडी म्हणजे आपली शमीच. गणपतीला जिची पत्री वाहतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली असे मुलांना सांगतो, ती.

गेल्या हिवाळ्यात बिकानेरजवळच्या एका शेतात ही झाडे जवळून पाहिली. शेळ्या-उंटांना पाला हवा म्हणून फांद्या छाटलेल्या, नुसती बोडकी खोडे उभी. ‘उन्हाळ्यात या, तेव्हा बघा,’ शेतकरी म्हणाला. सगळे रान करपलेले असताना हिला नवी पालवी फुटते. कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवल्या की वर्षभर भाजीला पुरतात. मुळे फार खोल जातात, म्हणून हिच्याखाली बाजरीसुद्धा चांगली येते. शेताला लागूनच तारेचे कुंपण आणि पलीकडे नजर पोहोचेल तिथवर पॅनेल. कुंपणाच्या आत एक बुंधा जमिनीलगत कापलेला होता, भुसा अजून पिवळाधमक. तो शेतकरी तिकडे बघतही नव्हता.

याच झाडासाठी 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह बिश्नोई पंथाच्या 363 जणांनी तोड अडवताना प्राण दिले. 1983 मध्ये खेजडीला राज्यवृक्षाचा मान मिळाला. आणि राजस्थानच्या 1955च्या काश्तकारी (म्हणजे कूळ) कायद्याने ती बेकायदा तोडण्याला दंड ठेवला, तो पहिल्या गुन्ह्याला 100 रुपये! कोट्यवधींचा प्रकल्प उभारणाऱ्याला त्याचे काय?

तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपे लावू, असे सांगितले जाते. खेजडी अतिशय सावकाश वाढते. आज लावलेल्या रोपाची सांगरी खायला त्या शेतकऱ्याचा नातू मोठा झालेला असेल. तोवर शेळ्यांनी काय खायचे?

सूर्याची वीज हवीच, ती वाळवंटात होणार हेही मान्य. पण पॅनेलच्या रांगा झाड सोडून आखता येतात, झाडाला जागा बदलता येत नाही. जमीन प्रकल्पाला देण्याआधी तिच्यावरच्या प्रत्येक खेजडीची गावकऱ्यांसमोर मोजणी व्हावी, तो आकडा गावात फलकावर लागावा आणि काम संपल्यावर पुन्हा मोजणी व्हावी. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक