मंत्रीसाहेब, झाडापेक्षा बोर्डाचा खड्डा खोल निघाला

मा. मंत्रीसाहेब,
स.न.वि.वि.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव टाकलं की ग्रुपवर लगेच पक्षाची भांडणं सुरू होतात आणि झाडं बाजूलाच राहतात. तुम्ही वाचलंत तर तुम्हाला कळेलच, आणि तुमच्या पीएंना तर नक्की कळेल, त्यांच्याकडे माझा नंबर "झाडवाले काका" म्हणून सेव्ह आहे, त्यांनीच एकदा हसत सांगितलेलं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत नाशिकच्या आमच्या सातपूरला, कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत, एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने समाजासाठी घालायच्या पैशातून, 500 झाडं लावायचा कार्यक्रम झाला. वेळ दहाची होती, तुम्ही साडेबाराला आलात, हरकत नाही, कामं असतात. शाळेची पोरं तोवर चिखलात उभी. तुम्ही एक बकुळ लावला, हात धुतले आणि माईकवर म्हणालात, "यातलं एक जरी झाड मेलं तर थेट मला फोन करा." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

साहेब, पहिलं झाड मेलं तेव्हा मी खरंच फोन केला होता. ते तुमचंच बकुळ होतं. पीए म्हणाले अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणे हा विषय महापालिकेचा, तिथे गेलो तर म्हणे लावली कंपनीने तर पाणीही कंपनीच घालणार, कंपनीच्या गेटवर गेलो तर सिक्युरिटीवाला म्हणाला एचआरच्या मॅडम बदलल्या, नवीन मॅडमना माहीत नाही. टँकर येणार होता तो दोनदा आला, त्यातला एकदा फोटोसाठी. दिवाळीपर्यंत मी मोजली तेव्हा 112 उरली होती.

मग मीच लागलो. माझं अंबडला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथले कूलंटचे रिकामे वीस लिटरचे कॅन चार-चार पाण्यात धुवून घेतले, सकाळी सहाला दोन कॅन अ‍ॅक्टिव्हावर मधे आणि एक मागे, अशा रोज तीन-चार खेपा. दोन उन्हाळे. शेजारी म्हणायचे आमच्या नळाला पाणी कमी येतं ते तुमच्यामुळे. बायको म्हणायची घरातल्या तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाही आणि चालले सरकारची झाडं जगवायला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाठ धरली, डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे, वजन उचलू नका. पट्टा बांधून कॅन उचलले. एमआरआय, गोळ्या, फिजिओथेरपी, धंद्याचे बुडलेले दिवस, सगळा हिशेब माझ्याकडे लिहिलेला आहे पण तो मागायला हे पत्र नाही. एवढ्यात जगली किती, तर 23. करंज, कडुनिंब, दोन ताम्हण, बाकी सीताफळ आणि काय काय. करंज माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

आणि परवा गुरुवारी जेसीबी आला.

कशासाठी? तर येत्या रविवारी त्याच जागेवर "1000 वृक्षांचा संकल्प" आहे, त्याच्या मंडपासाठी जागा सपाट करायची होती. वृक्षारोपणाच्या मंडपाला झाडं आडवी येत होती, साहेब! मी वर्कशॉपमधून पोचेपर्यंत 14 गेली. ड्रायव्हर बिचारा म्हणाला काका मला वाटलं रान वाढलंय. त्याला काय बोलणार, दोन वर्षांत तिथे कुणी आलंच नव्हतं तर रान नाहीतर काय वाटणार.

तिथला बोर्ड मात्र त्याला दिसला, बोर्डाला वळसा घालून गेला. कंपनीचा लोगो, तुमचा फोटो, "हरित नाशिक". पत्र्याच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, चांगला जाड पत्रा, वर पावडर कोटिंग, खाली एमएसचे, म्हणजे लोखंडी, पाय दीड फूट खोल सिमेंटमध्ये गाडलेत. झाडांचे खड्डे किती होते? वीतभर. कातळ लागला म्हणून तिथेच थांबले होते. बोर्डाला कातळ फोडला, झाडाला नाही फोडला.

रात्री झोप लागेना म्हणून मुलीला म्हटलं हे सीएसआर काय प्रकरण आहे जरा बघ. 2013 चा कंपनी कायदा, कलम 135, लागू 1 एप्रिल 2014 पासून. ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी घालायचे, आणि जिथे कारखाना आहे त्या भागाला आधी धरायचं. म्हणजे आम्हालाच. 2022-23 मध्ये देशभर मिळून 30 हजार कोटींच्या आसपास खर्च झाला म्हणतात, हजारेक कोटी इकडेतिकडे धरा, तुमच्याकडे तेवढं चालतं. आणि महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा. मग एवढ्या पैशात माझ्या करंजाला एक टँकर बसत नव्हता?

गंमत पुढे आहे. केंद्राने 2014 च्या जूनमध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असले एका दिवसाचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येणार नाहीत. मग मंडप, साउंड, शाली, नारळ, नाश्त्याचे बॉक्स आणि मध्ये एक रोप, हा एका दिवसाचा कार्यक्रम नाही तर काय सत्यनारायण आहे? आणि त्याच कायद्यात चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं पैसे लावायची सोय आहे. तीन वर्षं म्हणजे तीन उन्हाळे. झाडाला तेवढेच लागतात हो, पुढे ते आपलं आपण बघतं. कायदा करणाऱ्याला झाड कळलं होतं की काय असं वाटावं, पण वापरतंय कोण? पाण्याच्या टँकरसमोर फीत कापता येत नाही ना.

आणि ही एकट्या सातपूरची गोष्ट नाही. 2016 ला राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं, मग चार, मग तेरा, 2019 ला तेहेतीस कोटी. लावली किती ते पाठ आहे, जगली किती ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली सतराशेच्या वर झाडं तोडायचं निघालं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, तर उत्तर काय, बदल्यात कितीतरी पट लावू. लावाल हो. वीतभर खड्ड्यात लावाल. इकडे एमआयडीसीच्या कडेने वाहणारी नासर्डी फेस घेऊन टाकळीला गोदावरीला मिळते, तिचं नाव नंदिनी केलं म्हणून पाणी साफ होत नाही, आणि तिच्या काठावर आपण पर्यावरणाच्या नावाने नारळ फोडतो. आमच्या गल्लीत एकाला खिडकीत घुसलेली फांदी छाटायची होती, परवानगीसाठी चार चकरा झाल्या त्याच्या. जेसीबीला कुणी कागद विचारला नाही.

होत नाही असंही नाही. इथे सातपूरलाच फाशीच्या डोंगरावर 2015 साली नाशिककरांनी देशी झाडांची देवराई लावली, लोक पुढे पाणी घालायलाही गेले, म्हणून आज तिथे सावली आहे. जाऊन बघा एकदा, गाडी खालीच ठेवावी लागेल.

माझं मागणं एवढंच आहे. हजार झाडं नकोत, शंभर द्या, खड्डे तीन फुटांचे द्या, आणि मंडपाच्या पैशात तीन उन्हाळे पाणी घालणारा एक माणूस पगारी ठेवा. मला ठेवू नका, माझी पाठ गेलीय. आणि बोर्डावर लोगोच्या खाली जबाबदार माणसाचा चालू मोबाईल नंबर टाका. पत्र्यावर नंबर मीच फुकट कापून देतो.

रविवारी तुम्ही येणार आहात असं फ्लेक्सवर आहे. मी तिथेच असेन. 9 झाडं उरलीत, त्यांना दोरी बांधलीय. करंज स्टेजच्या डाव्या हाताला आहे, मुळं अर्धी उघडी पडलीत, माती लावून ठेवलीय. ड्रायव्हरला सांगा, तिथे गाडी लावू नको.

आपला,
झाडवाले काका, सातपूर