मानशीवरच्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर आभार मानले की तुम्ही लगेच "तें आसूं दी रे" करून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, रागावू नका.

गोव्यातल्या चोडण बेटाच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, आम्ही पाणमांजरांचा सर्व्हे करायला आलो तेव्हा आमच्याकडे जीपीएस होता, डेटाशीट होती, पण नेमकं कुठल्या बांधावर बघायचं ते कुठल्याच नकाशात नव्हतं. तुम्ही म्हणालात, आधी भरती-ओहोटी बघा, ओहोटीला मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाला जाळं लागतं, मासळी तिथेच गोळा होते, मग ती येणार नाहीत तर काय. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर गवत लोळून आडवं झालेलं, चिखलात पडद्याच्या पायांचे ठसे आणि बाजूला काळपट ढीग, वास विचारू नका, पण उन्हात त्यातले खवले नुसते चमकत होते. अख्खा कळप विष्ठा टाकायला त्याच त्याच जागी जातो म्हणून बरं, नाहीतर आम्ही अजून शोधत बसलो असतो!

त्या विष्ठेवरूनच ती काय खातात ते कळतं. चाळणीत धुवायची, वाळवायची, मग खवले, काटे, कुर्लीच्या कवचाचे तुकडे वेगळे करायचे. पण खवला कोणाचा ते ठरवायला शेजारी ओळखीचा खवला हवा ना, आणि तुम्ही जाळ्यातला एकेक मासा आमच्यासाठी बाजूला काढलात, शेवटो, काळुंदर, चोणक, तिलापिया, आणि शिंगाळा तर आवर्जून, कारण त्याला खवलेच नसतात, त्याचा करवतीसारखा काटा ओळखावा लागतो. आज आमच्या लॅबमध्ये लेबल लावलेल्या बाटल्यांची जी रांग आहे ती तुमच्या पावणीतून, म्हणजे लिलावात घेतलेल्या मासेमारीच्या हक्कातून, आलीय. तिलापियाचे खवले आम्हाला भरपूर मिळाले हे ऐकून तुम्ही हसलात तेही लक्षात आहे, कारण तो मासा तुम्हालाही नकोच असतो.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. हीच जनावरं तुमचं जाळं फाडतात, लिलावात पैसे भरून घेतलेली मानस आहे ती, नुकसान तुमच्या खिशातून जातं. तरी कोणी फटाके लावून हाकलूया म्हणालं तर तुम्ही "तांकाय पोट आसा मरे" म्हणून गप्प केलंत. ही मोठ्या जातीची पाणमांजरं जगभरात धोक्यात आहेत, वर म्हादई नदीच्या ओढ्यांत कुर्ल्या खाणारी छोटी जात आहे तीही, आणि 2019 मध्ये दोघांच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पण इथे चोडणला कातड्याच्या व्यापारापेक्षा बांधाची काळजी जास्त आहे असं माझं मत. बांध फुटून खारं पाणी आत राहिलं की भात जातं, कुळं शेत सोडतात, आणि पडीक जमिनीवर मातीचा भराव टाकायला लोक टपलेलेच असतात. इथलं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 1.78 चौ.किमी., पाणमांजरं काय तेवढ्यातच थोडीच राहणार?

म्हणून काका, फुटक्या बांधाचा विषय ग्रामसभेत परत काढाल तेव्हा आमचे फोटो, तारखा, नकाशा सगळं घ्या, प्रिंट काढून ठेवलंय. पुढच्या अमावास्येला फेरीबोटीने येतोय तेव्हा घेऊन येतो, आणि जाळं शिवायला दोन पोरंपण आणतो.