आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: होणाऱ्या बापालाही आत बोलवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. बायकोला आठवा महिना लागलाय. दर 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. 2016 पासूनची ही योजना चांगलीच आहे, आशाताई घरी येऊन आठवणही करून देतात. पण नवऱ्यांना आत बोलावत नाहीत. रोजी बुडवून आलेले आम्ही सगळे बाहेर कडुलिंबाखाली. कुणी खर्रा घोटतो, कुणी मोबाइल चाळतो. मनातलं कुणीच बोलत नाही.

तिच्या उलट्या सुरू झाल्या तेव्हा मलाही फोडणीचा वास सोसेना. जेवण तुटलं, पाठ धरली, दाढ ठणकायची. दाढेला काहीच झालं नव्हतं. "याले बी डोहाळे लागले," म्हणून वावरात सगळे हसले. शेवटी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी समजावलं की याला कुवाद सिंड्रोम म्हणतात. आजारांच्या अधिकृत यादीत तो नाही, पण त्रास खोटा नसतो. तेवढ्यानंच मला हायसं वाटलं.

भीतीचं मात्र काय करावं? रात्री ती कूस वळली तरी मी उठून बसतो. पावसात आमच्या पांदणीत बैलगाडी रुतते, 108 ची गाडी कुठवर येईल? त्यात पीककर्ज डोक्यावर. आई म्हणते, बाळंतपण बायांचं काम, तू कायले जीव जाळतं? अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भारपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात दहातल्या साधारण एका बापात नैराश्य दिसलं. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशापायी येतं, हे आपणास ठाऊक आहे. म्हणून हा आकडा मला साधा वाटत नाही.

साहेब, 9 तारखेला नवऱ्यालाही आत घ्या. अंगाची तपासणी चालू असताना नको, आणि तिची मर्जी असेल तरच. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली, अंगावरून रक्त गेलं तर थांबायचं नाही, हे त्याला समोर बसवून सांगा. रात्री गाडी शोधायला तोच धावणार आहे. आणि त्यालाही एकदा विचारा, झोप लागते का, जेवण जातं का. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर माता-बाल कार्डावर ठळक छापा.

यासाठी नवी इमारत लागत नाही, एक परिपत्रक पुरे. पुढच्या 9 तारखेला मी तिला घेऊन येणारच आहे. तोवर ते काढावं, ही विनंती.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक होणारा बाप